लांब पल्ल्याच्या रायफलसाठी परवडणारी अ‍ॅक्शन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनियातल्या शूटिंग रेंजवर हल्ली मधूनच मराठी कानावर पडतं. बहुतेकांची गोष्ट सारखीच असते. कारखान्यात बनलेली रायफल घेऊन दोन-तीन वर्षं सराव झाला, तीनशे यार्डांवर हात बसला आणि आता हजार यार्डांसाठी आपल्या मापाची रायफल बांधून घ्यावीशी वाटते. मग पहिला अडथळा येतो तो अ‍ॅक्शनचा. खाली आहेत ते मला रेंजवर, फोनवर आणि गणपतीच्या आरतीनंतर प्रसाद खाता खाता विचारले गेलेले प्रश्न. सगळं अमेरिकेपुरतं आहे. भारताबद्दलचा एक प्रश्न शेवटी शेवटी घेतला आहे.

अ‍ॅक्शन म्हणजे नेमका कोणता भाग?

रायफलचं काळीज. यात दोन मुख्य गोष्टी येतात: रिसीव्हर, म्हणजे ज्यात बॅरल आट्यांनी बसते तो पोलादी साचा, आणि त्यात मागे-पुढे सरकणारा बोल्ट. बोल्ट काडतूस चेंबरमध्ये ढकलतो, फिरून लग (बोल्टवरचे जाड दात) रिसीव्हरमध्ये अडकवतो आणि स्फोटाचा दाब पेलतो. .३०८ विंचेस्टर किंवा ६.५ क्रीडमूर या काडतुसांची कमाल दाबाची मर्यादा ६२,००० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) आहे. हा दाब तुमच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर तयार होतो. म्हणून इथे ‘चालून जाईल’ हा शब्द चालत नाही.

ट्रिगर, दस्ता, बॅरल आणि स्कोप हे सगळं बदलता येतं. अ‍ॅक्शन मात्र कायम राहते. अमेरिकेच्या कायद्याच्या दृष्टीनेही रिसीव्हर म्हणजेच बंदूक. सीरियल नंबर त्याच्यावर असतो. बॅरल बहुतेक राज्यांत टपालाने घरी येते, पण नुसता रिसीव्हर ऑनलाइन मागवला तरी तो परवानाधारक विक्रेत्याकडेच येतो. तिथे तुम्ही ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरायचा, पार्श्वभूमीची तपासणी व्हायची आणि मग तो ताब्यात मिळायचा. आणखी एक बारकावा: परवानाधारक विक्रेत्याकडून पूर्ण रायफल १८ व्या वर्षी घेता येते, पण सुटा रिसीव्हर घ्यायला २१ वर्षं पूर्ण लागतात.

मी एच-१बी वर आहे. घेऊ शकतो का?

हा प्रश्न मी मुद्दाम वर घेतला आहे, कारण आपल्या लोकांची सर्वांत मोठी चूक इथेच होते. एच-१बी, एल-१, एफ-१ अशा नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्या माणसाला संघराज्याच्या कायद्याने बंदूक किंवा काडतुसं बाळगायला सर्वसाधारणपणे मनाई आहे. ‘बाळगणं’ याचा अर्थ फक्त मालकी नव्हे. रेंजवर मित्राची रायफल हातात घेऊन दोन गोळ्या झाडणंही त्यात येतं. याला काही मोजके अपवाद आहेत. त्यातला नेहमीचा म्हणजे एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना. तोही कागद हातात आल्यानंतरच लागू होतो, अर्ज केल्याने नाही. ग्रीन कार्डधारकांना ही बंदी नाही. त्यांनी राज्याचे नियम पाहायचे. न्यू जर्सीत आधी पोलिसांकडून खरेदीदाराचं ओळखपत्र काढावं लागतं, इलिनॉयमध्ये एफओआयडी कार्ड, म्हणजे बंदूक बाळगणाऱ्याचं राज्याचं ओळखपत्र, लागतं.

‘मित्राच्या नावावर घेऊ आणि मी वापरेन’ असं कुणी सुचवलं तर तिथेच थांबवा. तो स्वतंत्र, गंभीर गुन्हा आहे आणि दोघांचंही इथलं आयुष्य त्यात जाऊ शकतं. शंका असेल तर पैसे अ‍ॅक्शनवर घालण्याआधी तासभर वकिलावर घाला.

परवडणारी म्हणजे किती डॉलरची?

नावाजलेल्या कस्टम अ‍ॅक्शन साधारण १,२०० ते १,६०० डॉलरच्या घरात असतात. त्याखाली ७०० ते १,००० डॉलरचा एक टप्पा गेल्या काही वर्षांत तयार झाला आहे आणि बहुतेकांचं काम तिथे होतं. त्याहून खाली जायचं तर कारखान्याची पूर्ण रायफल घेऊन तिची अ‍ॅक्शन वापरायची. अशा रायफलला इथे ‘डोनर’ म्हणतात.

पण नुसत्या पाटीवरच्या किमतीकडे पाहू नका. त्या अ‍ॅक्शनवर बॅरल बसून पहिली गोळी सुटेपर्यंत एकूण किती गेले, तो आकडा खरा. पुढच्या प्रश्नात माझाच हिशेब मांडतो.

जुनी रेमिंग्टन ७०० स्वस्तात घेऊन ट्रू करून घेतली तर?

पंचवीस वर्षांपूर्वी याचं उत्तर डोळे झाकून ‘हो’ असं होतं. ७०० बाजारात आली १९६२ मध्ये. तिच्या आधीच्या १९४८ च्या ७२१ आणि ७२२ मॉडेलांपासूनच रिसीव्हर गोल ठेवला होता, कारण गोल सळईपासून तो बनवायला खर्च कमी येतो. याचा गनस्मिथला आपोआप फायदा झाला: गोल वस्तू लेथवर पकडणं आणि मध्य साधणं सोपं. कारखान्याच्या घाऊक कामात रिसीव्हरचं तोंड, लग टेकण्याच्या जागा, आटे आणि बोल्टचं तोंड हे सगळं एकाच अक्षाला काटकोनात असतंच असं नाही. ते लेथवर घेऊन एका रेषेत आणण्याला ट्रूइंग म्हणतात. दोन पिढ्यांच्या अमेरिकन नेमबाजांनी अशाच ट्रू केलेल्या ७०० वर सामने जिंकले.

मीही त्याच वाटेने गेलो. वापरलेली ७०० घेतली ४५० डॉलरला. दस्ता आणि बॅरल १५० ला विकली, म्हणजे अ‍ॅक्शन पडली ३०० ला. मी खूश होतो. मग ट्रूइंगचे ३००. कारखान्याचा रिकॉइल लग म्हणजे बॅरल आणि रिसीव्हरच्या मधे दाबलेली चकती, ती जाड आणि नीट घासलेली हवी म्हणून ४०. बोल्टच्या मुठीला मोठा गोळा बसवायला ७५. एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे रिकामं काडतूस ओढून काढणारा आकडा, बदलायला ९०. स्कोप बसवायची २० एमओए उताराची पट्टी, म्हणजे रेल, ६५ (एमओए हे कोनाचं माप, १ एमओए म्हणजे हजार यार्डांवर साधारण १० इंच). बेरीज ८७०. त्यात गनस्मिथकडे सात महिने रांग, आणि परत आल्यावर बोल्ट उघडताना अडखळायचा तो भाग वेगळाच. त्याच सुमारास ९०० च्या आसपास नवी कोरी अ‍ॅक्शन मिळत होती, तीत रेल आणि लग आधीच होते. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात ते हेच. तो उन्हाळा हातचा गेला याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून आज माझं उत्तर असं: ७०० तुमच्याकडे आधीच असेल, वडिलोपार्जित असेल किंवा मित्राने जवळपास फुकट दिली असेल, तर जरूर वापरा. ट्रूइंग न करताही चांगली बॅरल बसवून ती उत्तम चालू शकते, आधी तसंच करून पाहा. पण केवळ ट्रू करण्यासाठी शोधून विकत घेण्याचा काळ आता सरला.

वापरलेली ७०० घेतलीच तर ट्रिगर तपासा. मे २००६ ते एप्रिल २०१४ या काळात बनलेले एक्स-मार्क प्रो ट्रिगर कंपनीने २०१४ मध्ये परत मागवले होते, कारण ट्रिगर न ओढता गोळी सुटण्याचा धोका होता. आधीच्या मालकाने दुरुस्ती करून घेतली का, हे त्याला विचारा. तोंडी ‘हो’ पुरेसं मानू नका.

‘७०० फूटप्रिंट’ असं सारखं वाचतो. ते काय असतं?

रिसीव्हरच्या बुडाचा आकार, स्क्रूंमधलं अंतर, ट्रिगर बसण्याची जागा, रेलची भोकं. हे सगळं रेमिंग्टन ७०० प्रमाणे असेल तर ती अ‍ॅक्शन ७०० फूटप्रिंटची. नाव रेमिंग्टनचं असण्याची गरज नाही. मूळ कंपनी २०१८ आणि २०२० मध्ये दोनदा दिवाळखोरीत गेली, पण तिचं माप सगळ्या धंद्याची गज-पट्टी होऊन बसलं. चासिस (दस्त्याऐवजी वापरायची धातूची चौकट), दस्ते, टिमनी किंवा ट्रिगरटेकचे ट्रिगर, सगळं आधी या मापात निघतं आणि मग, जमलं तर, इतरांसाठी. अ‍ॅक्शनवर वाचवलेले १५० डॉलर दुर्मीळ मापाच्या चासिसवर जात असतील तर काहीच वाचलं नाही.

मग सॅव्हेज, होवा, टिक्का यांचं काय?

तिन्ही चांगल्या, तिघींचे स्वभाव वेगळे.

सॅव्हेज ११० हे १९५८ पासूनचं मॉडेल. तिची बॅरल एका नटने आवळलेली असते. त्या नटमुळे हेडस्पेस (बंद बोल्ट आणि काडतूस टेकण्याची जागा यातलं अंतर) जुळवता येतो आणि बॅरल बदलायला लेथ लागत नाही. बोल्टचं डोकं वेगळं आणि थोडं हलतं असतं, त्यामुळे दोन्ही लग सारखे टेकायला मदत होते आणि वेगळ्या जाडीच्या काडतुसासाठी डोकं बदलताही येतं. ओबडधोबड वाटते, बोल्ट थोडा खडखडतो, पण हजार यार्डांवर तिने अनेक महागड्या रायफलींना घाम फोडला आहे. कमीत कमी पैशात सुरुवात करायची असेल तर मी अजूनही तिचं नाव घेतो.

होवा १५०० जपानची. वेदरबीची व्हॅनगार्ड म्हणजे मुळात हीच अ‍ॅक्शन. सपाट बुडाचा रिसीव्हर, त्यातच घडवलेला रिकॉइल लग आणि एकसंध बोल्ट, त्यामुळे पाया भक्कम. दस्त्याशिवाय, बॅरलसकट अ‍ॅक्शनही विकत मिळते आणि ही सोय कमी लोकांना माहीत असते. अडचण एकच: आटे मेट्रिक, एम२६ बाय १.५. बॅरल मागवताना हे न सांगणाऱ्याला ती परत पाठवावी लागते.

टिक्का टी३एक्स. माझी सर्वांत आवडती. फिनलंडमधल्या रीहिमाकी गावात साकोच्या कारखान्यात बनते. बोल्ट इतका गुळगुळीत सरकतो की नवखा माणूस दुकानातच तो दहा वेळा मागे-पुढे करतो. मापं इतकी सारखी येतात की नट न लागता थेट रिसीव्हरला टेकणाऱ्या, खांदा असलेल्या तयार बॅरली तिच्यासाठी सर्रास मिळतात. रिसीव्हरची लांबी एकच, लहान-मोठ्या काडतुसांसाठी बोल्ट स्टॉप आणि मॅगझिन बदलतं. फूटप्रिंट तिचा स्वतःचा आहे, तरी चासिस आता भरपूर निघतात. कारखान्याची बॅरल काढणं मात्र अवघड, ती हट्टाने बसलेली असते. चांगल्या व्हाइसशिवाय (शिकंजाशिवाय) प्रयत्न करू नका, रिसीव्हर पिळला जाईल.

स्पेनच्या बर्गाराची बी-१४ ही ७०० फूटप्रिंटची असल्यामुळे तिचाही विचार करावा.

नव्या ‘मधल्या’ टप्प्यातल्या कस्टम अ‍ॅक्शन कोणत्या?

नेब्रास्कातल्या झरमॅट आर्म्सची ओरिजिन आणि वॉशिंग्टन राज्यातल्या एअरो प्रिसिजनची सोलस, ही दोन नावं सतत समोर येतील. दोन्ही ७०० फूटप्रिंटच्या, दोन्हींत बोल्टचं डोकं बदलता येतं. म्हणजे आज ६.५ क्रीडमूर आणि उद्या .२२३ हवी असेल, तर अ‍ॅक्शन तीच, फक्त डोकं आणि बॅरल वेगळी. सोलसला तीन लग आहेत, त्यामुळे बोल्ट ६० अंशच उचलावा लागतो आणि मूठ स्कोपला घासत नाही. रेल रिसीव्हरमध्येच कोरलेली, २० एमओएच्या उताराची.

रेलचा उतार म्हणजे फुकटची उंची. ६.५ क्रीडमूर शंभर यार्डांवर झीरो केली, म्हणजे स्कोप तिथल्या नेमाशी जुळवला, तर हजार यार्डांसाठी स्कोप साधारण ३० एमओए वर घ्यावा लागतो. सपाट रेलवर बऱ्याच स्कोपचा पल्ला तिथे जेमतेम पुरतो.

प्रीफिट बॅरल म्हणजे काय, आणि गनस्मिथ वगळता येतो का?

प्रीफिट म्हणजे चेंबर कापून, आटे पाडून तयार आलेली बॅरल. पूर्वी प्रत्येक रिसीव्हर मोजून बॅरल कापावी लागे. आताच्या कस्टम अ‍ॅक्शनची मापं इतकी काटेकोर असतात की बॅरल बनवणारा रिसीव्हर न पाहता ती कापून पाठवतो. माझ्या मते ‘परवडणारी अ‍ॅक्शन’ निवडण्याची खरी कसोटी हीच आहे: तिच्यासाठी प्रीफिट सहज आणि किमान तीन-चार जणांकडे मिळते का?

कारण बॅरल ही संपणारी वस्तू आहे. ६.५ क्रीडमूरची बॅरल २,००० ते ३,००० गोळ्यांनंतर थकते. .३०८ ची ५,००० पर्यंत आणि पुढेही जाते. सराव मनापासून केलात तर दोन-तीन वर्षांत नवी बॅरल लागणारच. प्रत्येक वेळी गनस्मिथकडे सहा महिने रांग लावायची की टपालाने आलेली बॅरल एका शनिवारी बसवायची, हे अ‍ॅक्शन निवडताना ठरून जातं.

पण ‘वगळता येतो’ याचा चुकीचा अर्थ काढू नका. हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्टचं तोंड आणि काडतूस टेकण्याची जागा यातलं अंतर, गो आणि नो-गो गेजने (हे अंतर तपासायच्या तयार मापांनी) तपासल्याशिवाय एकही गोळी झाडायची नाही. पहिल्या वेळी ही तपासणी गनस्मिथकडून करून घ्या. तासाभराचे पैसे जातात. चुकलेल्या हेडस्पेसने काडतूस फाटलं तर गरम वायू मागे येतो. मी एकाचा फुटलेला चष्मा पाहिला आहे, डोळा वाचला तो त्या चष्म्यामुळेच.

शॉर्ट अ‍ॅक्शन की लाँग?

हा फरक काडतुसाच्या लांबीप्रमाणे रिसीव्हरच्या लांबीचा. ६.५ क्रीडमूर, .३०८, .२२३ साठी शॉर्ट. .३०-०६, .३०० विंचेस्टर मॅग्नमसाठी लाँग. कागदी लक्ष्यांसाठी शॉर्ट पुरेशी आहे.

माउझर ९८ च्या जुन्या लष्करी अ‍ॅक्शनवर बांधली तर?

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत तीच परवडणारी अ‍ॅक्शन होती. हजारो सैनिकी रायफलींच्या शिकारी रायफली झाल्या, आणि तिच्या रचनेचा मान आजही कमी नाही. पण आता तिला स्कोपसाठी भोकं पाडा, बोल्टची मूठ वाकवा, सेफ्टी बदला, ट्रिगर बदला, यात कस्टम अ‍ॅक्शनची किंमत कधी ओलांडली ते कळत नाही. शिवाय त्या काळचं मऊ गाभ्याचं पोलाद आणि आजच्या काडतुसांचा दाब यांचं नातं प्रत्येक नगापुरतं तपासावं लागतं. आणि मूळ शिक्के शाबूत असलेली जुनी रायफल कापणं मला इतिहासाशी दगलबाजी वाटते. ती तशीच जपा.

मी डावखुरा आहे.

पर्याय कमी होतात, पण संपत नाहीत. सॅव्हेज आणि टिक्का डाव्या हाताच्या मिळतात, काही कस्टमवालेही करतात. वापरलेल्या बाजारात वाट पाहावी लागते.

महागडी अ‍ॅक्शन घेतली तर नेम सुधारेल का?

एफ-क्लासच्या, म्हणजे पालथं पडून लांबवर झाडायच्या, सामन्यात हजार यार्डांवर दहा गुणांचं वर्तुळ १० इंचांचं असतं, म्हणजे जवळजवळ १ एमओए. चांगली बॅरल आणि चांगली काडतुसं असतील तर वर आलेली कुठलीही अ‍ॅक्शन त्या वर्तुळात गोळ्या ठेवू शकते. ठेवू देत नाही तो वारा, आणि वारा वाचायला शिकवणारी अ‍ॅक्शन अजून कुणी विकत नाही. महाग अ‍ॅक्शन देते ती वेगळी सुखं: घाईत बोल्ट अडकत नाही, रिकामं काडतूस दर वेळी सारखं बाहेर पडतं, मूठ हलकी उचलली जाते. घड्याळ लावून खेळल्या जाणाऱ्या पीआरएससारख्या (प्रिसिजन रायफल सिरीज) सामन्यांत ती मोलाची आहेत. शांतपणे पालथं पडून झाडायच्या एफ-क्लासला तितकी नाहीत.

सामन्याच्या दर्जाच्या एका ६.५ क्रीडमूर काडतुसाला दीड ते दोन डॉलर पडतात. अ‍ॅक्शनवर वाचलेल्या ५०० डॉलरमध्ये तीनेकशे गोळ्यांचा सराव होतो. नव्या माणसाला मी हेच करायला सांगतो. किंबहुना, पहिलीच रायफल असेल तर बांधूच नका. टिक्का किंवा बर्गारा पूर्ण घ्या, तिची बॅरल झाडून झाडून संपवा, आणि मग त्याच अ‍ॅक्शनवर प्रीफिट चढवा. ती थकलेली बॅरल म्हणजे तुम्ही शिकलात याची पावती. पेनसिल्व्हेनियातल्या विल्यम्सपोर्टच्या हजार यार्डांच्या बेंचरेस्ट (बाकावर रायफल टेकवून झाडायच्या) क्लबात प्रेक्षक म्हणून एक दिवस बसून आलात तरी कोण काय वापरतं आणि का, हे आपोआप समजेल.

वापरलेली अ‍ॅक्शन घेताना काय पाहू?

बोल्ट बाहेर काढा. दोन्ही लगांच्या मागच्या बाजूला घासल्याची चकाकी सारखी आहे का, ते पाहा. एकाच लगवर असेल तर दुसरा टेकतच नव्हता. बोल्टच्या तोंडावर फायरिंग पिनच्या भोवती खड्डे असतील तर गरम वायूने ते कोरलं आहे. रेमिंग्टनची मूठ बोल्टला ब्रेझ करून चिकटवलेली असते, तिच्या सांध्यात भेग नाही ना, ते भिंगाने बघा. बोल्ट त्याच रिसीव्हरचा आहे का, हेही विचारा, कारण बोल्ट बदललेला असेल तर हेडस्पेसचा सगळा भरवसा गेला. आणि बघू न देणाऱ्याकडून घेऊ नका, किंमत कितीही गोड असली तरी.

भारतात परतताना सोबत नेता येईल का?

सामानात टाकून तर मुळीच नाही. अमेरिकेतून रिसीव्हर बाहेर न्यायला निर्यातीचे नियम लागू होतात, आणि भारतात १९५९ चा शस्त्र कायदा बंदुकीच्या सुट्या भागांनाही शस्त्रच मानतो. परवाना, आयातीची परवानगी, कस्टम्स, हे सगळं आधी हातात हवं. परतायचं नक्की असेल तर इथेच परवानाधारक विक्रेत्यामार्फत विकून जा. चांगल्या कस्टम अ‍ॅक्शनला वापरलेल्या बाजारात बरी किंमत येते.

मग तिकडे गेल्यावर हा नाद सोडायचा?

सोडायचा कशाला? राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक घेतलं, तेही .२२ च्या काडतुसावर. त्याच कोल्हापूर जिल्ह्याच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये (पालथं पडून) जगज्जेत्या झाल्या. .२२ ची गोळी हळू जाते, वाऱ्याने लगेच वाहते आणि ट्रिगरवरची बोटाची प्रत्येक चूक कागदावर दाखवते. मी स्वतः आठवड्याचा सराव .२२ वरच करतो, दोनशे यार्डांवर. तिचं काडतूस पंधरा-वीस सेंटांत येतं, आणि त्या सरावानंतर हजार यार्डांच्या रेंजवर वारा जरा ओळखीचा वाटू लागतो.